सेविकेचं शिकणं कधी संपतं?

मागच्या आठवड्यात एक आई म्हणाली, "ताई, आमच्या अंगणवाडीत नुसतं खेळवतात. पोरगा चार वर्षांचा झाला, अजून अ काढता येत नाही. शेजारच्या गावात इंग्रजी शाळेत घालू का?" सेविका तिथेच उभी होती. तिचा चेहरा पडला. कारण ती शिकून आली होती तेच करत होती.

या वयात बोटांत लिहिण्याची ताकद आलेली नसते. मणी ओवणं, माती मळणं, कागद फाडणं, डाळीतून चिंचोके वेचणं, यातून ती येते. ही जुनीच गोष्ट आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं येत नाहीत तर आपणच पाड्यावर, अंगणात जायचं आणि तिथल्याच वस्तूंनी शिकवायचं, हे त्या करून शिकल्या.

आज सेविकेला 'पोषण भी पढाई भी' या २०२३ च्या कार्यक्रमात तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. रोज निदान दोन तास बालशिक्षणाला द्यावेत, असं त्यात सांगितलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम सुचवला आहे. चांगलंच आहे. पण तीन दिवसांत ऐकलेलं गावी परतल्यावर किती टिकतं? आहार, वजनं, गृहभेटी, मोबाइलवरची नोंद, या सगळ्यात ते वाहून जातं.

मी पर्यवेक्षिका होते, म्हणून माझीच चूक सांगते. भेटीला गेले की मी आधी रजिस्टर मागायची. एकदा बायांसमोर सेविकेला अपुऱ्या नोंदीवरून बोलले. पुढच्या भेटीला नोंदी चोख होत्या आणि मुलं भिंतीला टेकून गप्प बसलेली. मग मी रजिस्टर नंतर बघायचं ठरवलं. अर्धा तास मागे सतरंजीवर बसायचं, नुसतं बघायचं. सेविका मुलांना विचारायची, "हा रंग कोणता?" मुलं एका सुरात ओरडायची, "लाल!" मी नंतर, दोघीच असताना म्हटलं, "एखाद्याला विचारून बघ, तू हे असं का लावलंस?" पुढच्या महिन्यात तिने विचारलं. कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "ही आमची गाय, हे तिचं वासरू." समोर दोन दगड होते.

बीटच्या मासिक बैठकीत हाच प्रसंग त्या सेविकेने स्वतः सांगितला, तेव्हा बाकीच्या वह्या काढून लिहू लागल्या. माझ्या भाषणाला कुणी वही काढल्याचं मला आठवत नाही!

अंगणवाडीत महिन्यातून एक दिवस पालकांसाठी बालशिक्षणाचा असतो. तुमच्याकडे तो कधी असतो, सेविकेला विचारा. येताना घरातले चिंचोके, बाटल्यांची झाकणं, जुन्या कापडाचे तुकडे घेऊन या. झाकणं मात्र मोठी आणा, लहान मुलं तोंडात घालतात.