स्वच्छतेच्या वस्तूंची पारख

व्यापारी घरात माल पारखण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. तूरडाळ तळहातावर घेऊन, गूळ बोटाने दाबून आणि कापड उजेडात धरून पाहण्याची सवय मुलांना दुकानातच लागते. मात्र स्वयंपाकघर व न्हाणीघर स्वच्छ करण्याच्या वस्तू घरात आणताना ही पारख बहुधा बाजूला राहते. बाटलीचा रंग, सुगंध आणि जाहिरात यांवर खरेदी होते. परिणामी सिंकखालच्या कपाटात आठ-दहा बाटल्या जमतात, त्यांतील निम्म्या एकाच कामाच्या असतात, आणि तरीही नळावरचा पांढरा थर व शेगडीमागचा ओशटपणा जसाच्या तसा राहतो.

पैसा वाया जाणे हे यातील लहान नुकसान होय. चुकीच्या वस्तूने घराची फरशी कायमची डागाळते, आणि दोन वस्तूंच्या अजाणत्या मिश्रणाने बंद न्हाणीघरात काम करणाऱ्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते. ती व्यक्ती घरची सून असो वा कामाला येणाऱ्या मावशी, तिच्या हाती काय दिले जाते याची जबाबदारी ती वस्तू विकत आणणाऱ्यावर असते.

मळाची जात ओळखावी

घरातील मळ स्थूलमानाने चार जातींचा असतो. पहिली सुटी धूळ व कण. त्यांना झाडू, कोरडे फडके आणि पाणी पुरते. दुसरी तेलकट मळ. तो साबणाने व आम्लारी पदार्थांनी, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारख्या वस्तूंनी सुटतो. तिसरी पाण्यातील क्षारांचा थर. तो फक्त आम्लात विरघळतो. चौथी बुरशी, शेवाळ व जंतूंचा थर. तेथे आधी घासणे आणि नंतर आवश्यक असेल तरच जंतुनाशक, असा क्रम असतो. वस्तू कितीही महाग असली, तरी मळाची जात चुकली तर ती निष्फळ ठरते. नळावरचा क्षाराचा थर साबणाने तासभर घासला तरी हलत नाही, आणि शेगडीवरच्या तेलाला लिंबू चोळून विशेष काही साधत नाही.

जुन्या स्वयंपाकघरात हे ज्ञान वस्तूंच्या रूपाने नांदत होते. चुलीची राख तेलकट भांड्यांना लावली जाई, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा आम्लारी पदार्थ असतो आणि तिचे बारीक कण मळ खरवडतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लावली जाई, कारण धातूवर चढलेला काळपट थर चिंचेतील आम्लात विरघळतो. रिठ्याच्या फेसातील सॅपोनिन हे द्रव्य साबणाप्रमाणेच तेल पाण्यात मिसळवून टाकते. आजच्या बहुतेक बाटल्यांत याच तीन तत्त्वांचे अधिक तीव्र रूप भरलेले असते.

स्वयंपाकघर

रोजच्या भांड्यांना व ओट्याला भांड्यांचा साधा साबण किंवा द्रव पुरेसा होतो. शेगडी, तिच्यामागची भिंत आणि धुराड्याची जाळी यांवरचे तेल मात्र उष्णतेने व हवेने घट्ट होऊन राळेसारखे चिकटते. त्यासाठी लिटरभर गरम पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून त्यात जाळी अर्धा तास बुडवून ठेवावी. सोडा त्वचा कोरडी करतो, म्हणून हातमोजे घालावेत. ॲल्युमिनियमच्या, म्हणजे बोलीतील जर्मनच्या, भांड्यांना हा सोडा लावू नये. त्याने धातू खाल्ला जाऊन भांडे काळवंडते. बाजारात ‘ग्रीस काढणारे’ म्हणून मिळणाऱ्या काही द्रवांत कॉस्टिक सोडा असतो. तो कितीतरी अधिक दाहक असल्याने त्याची गरज घरात क्वचितच पडते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची पद्धत अलीकडे फार पसरली आहे. तो फेस कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. आम्ल व आम्लारी यांनी एकमेकांना निष्प्रभ केल्यावर खाली जवळजवळ केवळ खारट पाणी उरते. दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे उपयोगी आहेत. सोडा हलके घासण्यासाठी आणि व्हिनेगर क्षारांसाठी. एकत्र केल्याने दोहोंचा गुण जातो.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तेव्हा तो वाढला असे वाटून गृहिणी घाबरतात. हळदीतील रंगद्रव्य आम्लारीत लाल दिसते इतकेच. तोच रंग उन्हात टिकत नाही. म्हणून फडके किंवा डबा धुऊन कडक उन्हात ठेवल्यास डाग पुष्कळसा उडतो.

ज्याने सगळे पुसायचे ते फडके आणि घासणी यांकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जाते. ओलसर स्पंजात अन्नकण अडकतात आणि जंतू वाढतात. वापरानंतर तो पिळून, शक्यतो उन्हात सुकवावा व ठरावीक काळाने बदलावा. साबणाची वडी घेताना घटकांत ‘टॅलो’ किंवा ‘टॅलोएट’ हा शब्द दिसल्यास ती प्राणिज चरबीपासून बनलेली आहे असे समजावे.

दगडाची जात

घराच्या बांधणीत वापरलेला दगड माहीत असल्याशिवाय आम्लयुक्त वस्तू विकत घेऊ नये. संगमरवर, कोटा, शहाबादी फरशी आणि जुन्या घरांतील काळा कडप्पा हे सारे दिसायला निराळे असले, तरी त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट हाच आहे. त्यावर आम्ल पडले की बुडबुडे येतात. हा दगड विरघळत असल्याचा पुरावा होय. एकदा गेलेली चकाकी पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. लिंबू, व्हिनेगर आणि शौचालयाचा द्रव या तिन्हींना हा नियम लागू आहे. अशा दगडांना पाणी व सौम्य साबणच हवा. ग्रॅनाइट आम्लाला बराच टिकतो. चिनी मातीची टाइलही टिकते, परंतु टाइलांच्या सांध्यांतील सिमेंट टिकत नाही. न्हाणीघराची फरशी वारंवार ॲसिडने धुतल्यास सांधे पोकळ होऊन पाणी खाली झिरपू लागते.

न्हाणीघर आणि शौचालय

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. पाणी सुकले की ते नळावर, शॉवरच्या जाळीवर आणि काचेवर पांढरे राहतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन राखाडी चिकट थर बनतो तो वेगळाच. येथे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, उत्तम काम करते. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून, त्यात फडके भिजवून ते नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. शौचालयाचा तीव्र द्रव नळाला लावू नये; त्याने वरचा चकचकीत मुलामा निघतो.

शौचालयासाठी मिळणाऱ्या दाट द्रवात बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक आम्ल असते. भांड्यातील पिवळा थर क्षारांचाच असल्याने तेथे हे आम्ल योग्य आहे. मात्र ते लावून काही मिनिटे थांबणे हे घासण्याइतकेच महत्त्वाचे असते. ज्या घरांना सेप्टिक टाकी आहे, तेथे ॲसिड, ब्लीच आणि फिनाइल यांचा अतिरेक टाळावा. टाकीतील मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात आणि टाकी लवकर भरते.

सुगंध म्हणजे स्वच्छता असा समज फिनाइलने रूढ केला आहे. वास दरवळला तरी मळ निघालेला असतोच असे नाही. मळाच्या थरावर टाकलेले जंतुनाशक वरच्यावर खर्च होते, म्हणून आधी धुणे आणि मग जंतुनाशक हा क्रम पाळावा. बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ लिहिलेले असते. त्याचा हिशेब असा की दहा लाखांपैकी एक हजार तरीही उरतात, आणि तोही निकाल लेबलावर सांगितलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला ठेवला तरच मिळतो. लावून लगेच पुसल्यास पैसे फडक्यात जातात.

घरात कोणी आजारी असेल तर ब्लीच उपयोगी पडते. पाच टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिलिलीटर ९८० मिलिलीटर थंड पाण्यात घातले की ०.१ टक्क्याचे द्रावण तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या काळात, २०२० साली, घरासारख्या ठिकाणच्या पृष्ठभागांसाठी हेच प्रमाण सुचवले होते. ते रोज ताजे करावे, कारण उष्णतेने आणि उजेडाने त्याची शक्ती जाते.

जे कधीही मिसळू नये

ब्लीच आणि शौचालयाचे आम्लयुक्त द्रव एकत्र आले की क्लोरीन वायू निर्माण होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तेथे, जेथे माणूस वाकून घासत असतो. ‘एकाने निघत नाही तर दोन्ही टाकून पाहू’ या साध्या विचारातून ही दुर्घटना घडते. ब्लीचमध्ये अमोनियायुक्त वस्तू मिसळल्यासही विषारी वायू तयार होतात. म्हणून एका वेळी एकच वस्तू वापरावी, भरपूर पाण्याने धुवावी आणि दार-खिडकी उघडी ठेवावी.

वास नाकाला झोंबला, खोकला लागला, तर काम तेथेच सोडून मोकळ्या हवेत यावे. श्वासाचा त्रास होत राहिल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यात काही उडाल्यास निदान पंधरा ते वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा. मुलाने चुकून द्रव गिळल्यास त्याला उलटी करवू नये. दाहक द्रव वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. कामाला येणाऱ्या मावशींना लेबल वाचता येत नसेल, तर आम्लाच्या व ब्लीचच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावून त्या दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात, आणि हे दोन्ही कधीच एकत्र करायचे नाहीत हे समजावून सांगावे.

खरेदी आणि दुकान

खरेदीत दर लिटरचा न पाहता दर वापराचा पाहावा. समजा, एक लिटरची एक बाटली १०० रुपयांना मिळते आणि बादलीमागे ५० मिलिलीटर लागते. दुसरी २०० रुपयांना मिळते, पण १० मिलिलीटर पुरते. पहिलीत बादलीमागे पाच रुपये पडतात, दुसरीत दोन. घटक, त्यांची टक्केवारी, उत्पादनाचा दिनांक आणि वापराचे प्रमाण यांपैकी काहीच ज्या बाटलीवर नाही, ती स्वस्त असली तरी परत ठेवावी. हातगाडीवरचे सुटे ॲसिड व फिनाइल याच वर्गातले. ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणणे म्हणजे लहान मुलापुढे विष ठेवण्यासारखे आहे.

ज्यांचे किराण्याचे किंवा जनरल स्टोअर्सचे दुकान आहे, त्यांच्यावर दुहेरी जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. ग्राहकाची नोंद ठेवणे, ओळखपत्र व कारण विचारणे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री न करणे हे त्यांतील मुख्य नियम होत. याखेरीज आम्ल व ब्लीच शेजारी न ठेवणे, खाद्यपदार्थांच्या फळीवर सफाईचा माल न मांडणे आणि ग्राहकाला दोन शब्द सावधगिरीचे सांगणे, ही दुकानाची पत वाढवणारीच गोष्ट आहे.

कोरडेपणा हीच जयणा

जैन आचारात बुरशी आणि शेवाळ यांना अनंतकाय मानले आहे. ती उत्पन्न झाल्यावर ब्लीच ओतण्यापेक्षा उत्पन्नच होऊ न देणे हे जयणेला धरून आहे, आणि आरोग्यशास्त्रही तेच सांगते. ओलावा नसेल तर बुरशी वाढत नाही. न्हाणीघरात पाणी काढण्याचे रबरी फावडे प्रत्येक स्नानानंतर फिरवणे, खिडकी वा पंखा चालू ठेवणे आणि ओल येणारी गळती वेळीच दुरुस्त करणे, यांनी चातुर्मासातील निम्मे काम हलके होते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घराला येथे मोठीच सोय आहे. भांडी धुऊन, ओटा पुसून, सांडलेले कण उचलून स्वयंपाकघर रात्रभर कोरडे राहिले तर मुंग्या व झुरळे येत नाहीत आणि त्यांच्यावर फवारा मारण्याचा प्रसंग ओढवत नाही. सोड्याचे गरम पाणीही निववूनच मोरीत सोडावे.

इतके पाळल्यावर कपाटात पाच वस्तू पुरतात: भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व, शौचालयाचा आम्लयुक्त द्रव आणि एक जंतुनाशक. त्यांच्या जोडीला हातमोज्यांच्या दोन जोड्या असाव्यात. एक घरच्यांसाठी आणि एक मावशींसाठी. यंदा दिवाळीच्या साफसफाईची यादी करताना आधी कपाट उघडून जुन्या, लेबल गेलेल्या बाटल्या बाजूला काढाव्यात. त्या एकत्र ओतून मोरीत रिकाम्या करू नयेत; घट्ट बंद करून, घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीवर वेगळ्या द्याव्यात.