दोन वाक्यांचे एक वाक्य करूया



इंग्रजीच्या वह्या तपासताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. वाक्ये चुकीची नसतात, पण तुटक असतात. सर्वांना वाचता यावीत म्हणून उदाहरणे देवनागरीतच देत आहोत.

'कुंतला इज अ वॉटरफॉल ऑन द कडम रिव्हर. कुंतला अट्रॅक्ट्स मेनी व्हिजिटर्स.'

येथे पहिले वाक्य कुंतलाची फक्त ओळख करून देते. त्यातील 'कुंतला इज' काढा आणि उरलेला भाग दुसऱ्या वाक्यातील 'कुंतला'च्या लगेच पुढे ठेवा:

'कुंतला, अ वॉटरफॉल ऑन द कडम रिव्हर, अट्रॅक्ट्स मेनी व्हिजिटर्स.'

नामाची ओळख सांगणाऱ्या अशा शब्दसमूहाला 'अपोझिटिव्ह फ्रेज' म्हणतात. मराठीत आपण 'कडम नदीवरचा धबधबा कुंतला' असे म्हणतो, म्हणजे ओळख आधी आणि नाव नंतर. इंग्रजीत बहुधा उलट असते. मुले अडखळतात ती इथेच.

जागा चुकली की अर्थ बदलतो. 'नागोबा जत्रा इज हेल्ड ॲट केसलापूर, अ व्हिलेज इन इंद्रवेल्ली मंडल' हे बरोबर. पण ओळख 'नागोबा जत्रा'नंतर लिहिली, तर जत्राच गाव होऊन बसते!

स्वल्पविराम विसरू नका. ओळख वाक्याच्या मध्ये आली तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. शेवटी आली तर आधी स्वल्पविराम आणि नंतर पूर्णविराम. 'माय ब्रदर, रमेश,' असे लिहिले तर भाऊ एकच, असा अर्थ होतो. स्वल्पविरामाशिवाय 'माय ब्रदर रमेश' लिहिले तर अनेक भावांपैकी रमेश, असा अर्थ होऊ शकतो. उद्या वारसाचा किंवा जमिनीचा इंग्रजी अर्ज लिहिताना हा फरक लहान राहत नाही.

पडताळा घ्या. स्वल्पविरामांमधील भाग झाकून उरलेले वाचा. वाक्य पूर्ण वाटले तर रचना जमली.

पालकांनो, इंग्रजी येत नसले तरी तुम्ही मदत करू शकता. मुलाने नाव वाचले की 'म्हणजे कोण?' किंवा 'म्हणजे काय?' एवढेच विचारा. त्याचे उत्तर नावाला लागूनच आले पाहिजे.

आता ही दोन वाक्ये जोडा आणि वर्गात दाखवा:

'द पैनगंगा इज अ बॉर्डर रिव्हर. द पैनगंगा जॉइन्स द वर्धा.'