घरचा आहेर : मँचेस्टर युनायटेडचे टीकाकार खेळाडू आणि चाहत्यांचा कौल

२००० ते २०२५ या पंचवीस वर्षांत मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबवर सर्वांत झोंबरी टीका केली ती त्याच क्लबचा लाल शर्ट अंगावर चढवलेल्या खेळाडूंनी. चाहत्यांनी अशा टीकाकाराला कधी डोक्यावर घेतले, तर कधी त्याच्याच निष्ठेची झडती घेतली. टीका किती खरी यापेक्षा ती कोणावर रोखलेली आहे, कोणत्या वेळी केलेली आहे आणि करणाऱ्याने त्यासाठी काय पणाला लावले आहे, यांवरच हा कौल बहुतेक वेळा ठरत गेला.

या काळाची पूर्वपीठिका तत्कालीन कर्णधार रॉय कीन यांच्या वक्तव्यात आहे. १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे मोठ्या मैदानांतील उभ्याने सामना पाहण्याच्या जागा गेल्या, तिकिटे महागली आणि कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी खानपानासह राखीव आसने विकण्याचा व्यवसाय फोफावला. नोव्हेंबर २००० मध्ये डायनामो किएव्हविरुद्धच्या सामन्यानंतर कीन यांनी घरच्या मैदानावरील थंड प्रेक्षकांना फटकारले आणि दोन पेले रिचवून कोळंबीचे सँडविच खाणाऱ्यांना खेळ कळतो का, अशा आशयाचा टोला हाणला. टीकेचा रोख प्रेक्षकांवरच असूनही पदरमोड करून सामन्याला येणारा जुना चाहता दुखावला नाही, कारण त्याचीच तक्रार कर्णधाराच्या तोंडून बाहेर पडली होती. पुढे २००५ मध्ये क्लबच्याच वाहिनीसाठी दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सहकाऱ्यांवर कोरडे ओढले, तेव्हा ती मुलाखत प्रसारितच झाली नाही आणि काही आठवड्यांत त्यांना क्लब सोडावा लागला; तरीही मे २००६ मधील त्यांच्या गौरव-सामन्याला ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर सुमारे ६९ हजार लोक जमले.

२००५ मध्येच अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवर टाकला. काही चाहत्यांनी फारकत घेऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा क्लब स्थापला, तर राहिलेल्यांनी २०१० मध्ये कर्ज फेडण्यासाठी ५० कोटी पौंडांचे रोखे विक्रीस निघाल्यावर हिरव्या-सोनेरी गळपट्ट्यांचे आंदोलन उभारले. हे रंग न्यूटन हीथचे, म्हणजे १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी स्थापलेल्या मूळ क्लबचे होते. त्याच वर्षी १० मार्चला एसी मिलानकडून खेळण्यासाठी आलेल्या डेव्हिड बेकहॅम यांनी ४-० अशा पराभवानंतर मैदानात पडलेला तसा एक गळपट्टा उचलून गळ्यात घातला आणि स्टेडियम दणाणून गेले. क्लबचा कारभार कसा चालवावा हा आपला विषय नाही, असे त्यांनी लगेच स्पष्ट केले, पण चाहत्यांनी कृती लक्षात ठेवली आणि खुलासा सोडून दिला.

यानंतर माजी खेळाडूची टीका हा एक नियमित व्यवसाय बनला. क्लबसाठी ६०२ सामने खेळलेले गॅरी नेव्हिल २०११ मध्ये निवृत्त होताच स्काय स्पोर्ट्सचे समालोचक झाले. दीर्घकाळचे प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ मध्ये पायउतार झाल्यापासून क्लबला लीग-विजेतेपद मिळाले नसल्याने अशा टीकेला विषयांची वाण पडली नाही. एप्रिल २०२१ मध्ये युनायटेडसह बारा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली. या स्पर्धेत संस्थापक क्लबांना कामगिरीनुसार बाद होण्याची भीतीच नव्हती, आणि नेव्हिल यांनी तिच्यावर थेट प्रक्षेपणात तोफ डागली, तेव्हा एरवी त्यांची टर उडवणारे प्रतिस्पर्धी क्लबांचे चाहतेही त्यांच्या बाजूने उभे राहिले. युनायटेडच्या चाहत्यांत मात्र, खेळत असताना ग्लेझरांविरुद्ध अवाक्षर न काढणाऱ्याला आताच कंठ कसा फुटला, असा प्रश्नही विचारला गेला.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रसंग क्रिस्तियानो रोनाल्डो यांचा आहे. नोव्हेंबर २०२२ मधील मुलाखतीत त्यांनी प्रशिक्षक टेन हाग यांच्याबद्दल आपल्याला आदर नसल्याचे सांगितले आणि फर्ग्युसन गेल्यापासून तरणतलाव, व्यायामशाळा, स्वयंपाकघर यांत काहीच सुधारले नसल्याचा ठपका ठेवला. या मुलाखतीमुळेच त्यांचा करार संपला आणि काही दिवसांत ते क्लबचे माजी खेळाडू झाले. क्लबच्या अनास्थेबद्दलची तक्रार चाहते वर्षानुवर्षे करीत होते, तरीही त्यांच्यात फूट पडली, कारण संघातले स्थान गमावलेल्या खेळाडूने ती हंगामाच्या मध्यावर केल्याने अनेकांना तिच्यात क्लबच्या हितापेक्षा स्वतःच्या दुखावलेल्या मानाचा हिशेब अधिक दिसला. जून २०२४ मध्ये क्लबने कॅरिंग्टन या सराव-केंद्राच्या नूतनीकरणासाठी ५ कोटी पौंड जाहीर केले, तेव्हा तक्रारीतील तथ्य एका अर्थी मान्य झाले, पण तोवर रोनाल्डोंविषयीची मते घट्ट झाली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्योगपती जिम रॅटक्लिफ क्लबचे सुमारे २७.७ टक्क्यांचे भागीदार झाले. त्यानंतर नोकरकपात झाली, उरलेल्या तिकिटांचा दर सवलती काढून ६६ पौंड करण्यात आला आणि फर्ग्युसन यांचे मानधनाचे राजदूतपद काढून घेण्यात आले. २०२५ मध्ये एरिक कँटोना यांनी या व्यवस्थापनावर कठोर टीका केली आणि तिचे स्वागत झाले, कारण १९९७ मध्येच निवृत्त झालेल्या कँटोना यांना तिच्यातून पदरात काही पाडून घ्यायचे आहे, असे अनेकांना वाटले नाही.

चाहत्यांच्या या कौलाने माजी खेळाडूंची प्रतिष्ठा घडवली किंवा उतरवली, पण क्लबची धोरणे त्याने सहसा बदलली नाहीत, आणि बहुसंख्य मताधिकार ग्लेझरांकडेच राहिला. ठळक अपवाद सुपर लीगचा आहे, आणि तेथेही निर्णायक ठरली ती कोणा एकाची वाणी नसून तीत सामील झालेल्या सहाही इंग्लिश क्लबांच्या चाहत्यांनी, खेळाडूंनी आणि सरकारने एकाच वेळी टाकलेला दबाव, ज्यापुढे मालकांना दोन-तीन दिवसांतच माघार घ्यावी लागली.