पडद्याच्या तपासण्या: बदलापूर लोकल धरण्याआधी

डोळ्याचा पडदा बिघडतो तेव्हा बहुधा दुखत नाही. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे कितीतरी मधुमेही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गप्प बसतात. टाइप २ मधुमेह कळला की लगेच आणि पुढे दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.

ओसीटी ही तपासणी १९९१ साली जगापुढे आली. हनुवटी टेकवून दिव्याकडे पाहायचं, एवढंच. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. प्रकाशाच्या परावर्तनावरून पडद्याच्या थरांचा आडवा छेद दिसतो. मध्यभागी सूज किती आणि डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनने ती उतरली का, हे यातूनच नेमकं कळतं.

रक्तवाहिनी कुठे पाझरते हे शोधायला अँजिओग्राफी. नाव ऐकून लोक उगाच हृदयाची धास्ती घेतात! यात हाताच्या शिरेतून फ्लुरेसिन हा रंग देऊन डोळ्याचे फोटो काढतात. काहींना थोडी मळमळ होते. त्वचा काही तास पिवळसर आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-नारिंगी दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र ॲलर्जी, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.

मोतीबिंदू पिकलेला असेल किंवा डोळ्यात रक्त उतरलं असेल, तर पडदा दिसत नाही; मग डोळ्याची सोनोग्राफी.

बाहुली मोठी करायच्या थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात जा नाहीतर गावातच, दुचाकी नेऊ नका. सोबत कुणाला तरी घ्या आणि गर्दीची लोकल टाळा. अचानक काळे ठिपके, चमक किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.