कॉलेज बदलताना श्रेयांक कसे सोबत येतात?

दोन वर्षे एका विद्यापीठात शिकून पुढे दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल, तर आधीचा अभ्यास वाया जाऊ नये म्हणून २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. क्रेडिट म्हणजे श्रेयांक, अभ्यासाचे माप. साधारण १५ तासांच्या व्याख्यानांना किंवा ३० तासांच्या प्रात्यक्षिकांना एक श्रेयांक मिळतो.

आधी खाते उघडावे लागते. डिजिलॉकरवर आधारच्या मदतीने आपण ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा १२ अंकी ओळख क्रमांक काढायचा आणि कॉलेजात नोंदवायचा. बऱ्याच जणांचे इथेच अडते. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तर आधारवर बहुधा शेवटी. त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की नोंद जुळत नाही. ही दुरुस्ती आधीच करून घ्यावी.

मग श्रेयांक जमा होतात. ते आपल्याला स्वतः भरता येत नाहीत. निकालानंतर संस्थाच भरते. म्हणून प्रत्येक सत्रानंतर खाते उघडून पाहावे. काही विषयांचे आकडे दिसत नसतील, तर लगेच परीक्षा विभागात अर्ज द्यावा. एटीकेटी लागलेल्या, म्हणजे नापास राहिलेल्या, विषयाचे श्रेयांक मात्र तो सुटल्यावरच मिळतात.

यानंतर येते समकक्षता, म्हणजे जुना विषय नव्या अभ्यासक्रमातल्या विषयाच्या तोडीचा आहे का, याची तपासणी. सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. खात्यात श्रेयांक दिसले म्हणजे ते मान्य झाले, असे नाही. बँक फक्त हिशेब ठेवते. निर्णय नवे विद्यापीठ घेते. विषयाचे नाव तेच, पण जुन्या ठिकाणी तो तीन श्रेयांकांचा आणि नव्या ठिकाणी चारचा असेल, तर उरलेला भाग पूर्ण करावा लागू शकतो. जुन्या अभ्यासक्रमाची शिक्क्यानिशी प्रत जवळ असली, तर तपासणी सोपी जाते.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, त्यामुळे शेवटच्या सत्रापुरते कॉलेज बदलून तिथली पदवी मिळत नाही.

श्रेयांक मान्य झाले तरी प्रवेशासाठी जागा रिकामी असावी लागते. म्हणून जागा आहे का आणि कोणते विषय धरले जातील, हे नव्या विद्यापीठाकडून आपण लेखी घ्यावे. जुन्या कॉलेजातून दाखला त्यानंतरच काढावा.