उतार पडणे आणि बरे होणे

'बरे होणे' या अर्थाचे शब्द इंग्रजी शब्दकोशात शोधू गेल्यास मोठी रांगच समोर उभी राहते. रिलीव्ह, क्युअर, हील, रिकव्हर, रिस्टोअर! शाळेत आम्ही या सर्वांपुढे वहीत एकच अर्थ लिहीत असू : बरे करणे किंवा बरे होणे. परीक्षेत त्याला गुणही मिळत. परंतु हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे मला एका कागदाने शिकविले.

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. मी अकरावीत असताना त्यांना क्षय झाल्याचे निदान झाले. काही दिवस रुग्णालयात ठेवून त्यांना घरी पाठविले. सोबतच्या कार्डावर प्रकृतीच्या रकान्यात 'रिलीव्हड' असा शब्द होता. आई शेजारणीला म्हणाली, "उतार पडलाय." घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. आमच्या गुरुजींची बदली झाली तेव्हा त्यांना 'रिलीव्ह केले' असे शाळेतल्या कारकुनांनी म्हटलेले मी ऐकले होते. मी ऐटीत आईची चूक दुरुस्त केली, "उतार नव्हे, दादांना मोकळं केलंय." महिनाभराने दादांनी गोळ्या थांबविल्या आणि पाठीवर पोती घेतली. पुढे तीन महिन्यांत खोकला परत आला.

'रिलीव्ह' या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ उचलून हलके करणे असा आहे. बदली झालेल्या माणसाच्या कामाचा भार काढून घेतात, म्हणून तो रिलीव्ह होतो. रोग्याच्या बाबतीत मात्र त्रास हलका झाला, एवढेच त्यातून कळते. ओझे हलके होणे आणि ओझे उतरणे यांतला फरक हमालाच्या मुलाला तरी कळावयास हवा होता!

'क्युअर'चे मूळ 'काळजी' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. वस्तुसंग्रहालय सांभाळणारा 'क्युरेटर' त्याच घराण्यातला. आज मात्र क्युअर म्हणजे रोग समूळ जाणे. क्षयाचेच उदाहरण घेऊ. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप-खोकला कमी होतो, वजन वाढते. रोग्याला वाटते, झालो बरा. पण जंतू शरीरात उरलेले असतात, म्हणून नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात. थुंकीत जंतू आढळलेल्या रोग्याच्या नावापुढे 'क्युअर्ड' लिहावयाचे, तर जंतू नाहीसे झाल्याचे तपासणीत दिसावे लागते. तसा पुरावा नसेल, तर उपचार पूर्ण झाले, एवढीच नोंद होते.

'हील' हा जुन्या इंग्रजीतला शब्द. 'होल' म्हणजे अखंड आणि 'हेल्थ' हे त्याचे सख्खे भाऊ. हील होणे म्हणजे पुन्हा अखंड होणे. डॉक्टर प्लास्टर घालतात, पण हाड आपले आपण जुळते. जखम भरून येते, असे आपण म्हणतो तेव्हा हाच अर्थ मनात असतो.

'रिकव्हर' म्हणजे गेलेले परत मिळविणे. म्हणूनच बँकेची कर्जवसुली ही रिकव्हरी आणि साखर कारखान्यात उसाचा साखर-उताराही रिकव्हरीच! रोगी आपली गेलेली शक्ती वसूल करतो, तो रिकव्हर होतो. रोग गेला, पण शक्ती आली नाही, अशा मधल्या काळाला 'कन्व्हलेसन्स' म्हणतात. त्याच्या मुळात 'बळ धरणे' हा अर्थ आहे. आमच्याकडे म्हणतात, "अजून अंग धरलं नाही." दोन्ही भाषांना तेच सुचावे, याचे नवल वाटते.

'रिस्टोअर' म्हणजे पूर्ववत करणे. जुनी इमारत, जुने चित्र यांना तो शब्द लावतात, तसाच गेलेल्या दृष्टीलाही. त्याच्या फ्रेंच भावंडापासून 'रेस्टॉरंट' शब्द आला. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शक्ती भरून आणणाऱ्या मांसरसाला ते नाव होते. पुढे तो मिळण्याच्या जागेलाच ते चिकटले. आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतात, त्यातलाच हा प्रकार.

आता वाटते, त्या कार्डाचे अचूक भाषांतर आईने केले होते, तेही कार्ड न वाचता. उतार पडला म्हणजे पथ्य-औषध चालू ठेवायचे, हे आमच्या घरात कुणालाही सांगावे लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच शिकणारे. दवाखान्याचा, बँकेचा, कचेरीचा कागद आपल्याच हाती येतो आणि आपण सांगू ते घर खरे मानते. तेव्हा शब्द अडला, तर विचारण्यात कमीपणा कसला? मी त्या दिवशी कुणालाच विचारले नाही.

दादांचे उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. ते पूर्ण झाले, थुंकी तपासली आणि नव्या कागदावर 'क्युअर्ड' शब्द आला. या वेळी मी आधी डॉक्टरांना विचारले, शब्दकोश उघडला आणि मग घरी सांगितले, "दादा, तुम्ही बरे झालात. पण अजून अंग धरायचंय."