जुनी गाडी घेऊन ठेवली की पैसा डबल होतो का? माझ्या आरएक्सचा पूर्ण हिशोब



मागच्या आठवड्यात आपल्या निमगाव सावातलाच एक तरुण दुकानात आला. कांद्याचे अडीच लाख हातात आले होते. आधी त्याचा विचार टू-व्हीलर गॅरेज टाकायचा होता. आता म्हणाला, "दादा, गॅरेजचं राहू द्या. दोन जुन्या आरएक्स घेऊन शेडमध्ये झाकून ठेवतो. पाच वर्षांत डबल." आणि मोबाईलवर मला एक फेरारी दाखवली. न्यूयॉर्कच्या लिलावात सव्वाचारशे कोटींच्या वर गेलेली!

मी त्याला हसलो नाही, कारण चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच करत होतो. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. व्हिडिओत आकडे पटपट जातात, इथे सावकाश वाचा.

मोठे आकडे खरे आहेत, पण अर्धेच दिसतात

त्याने दाखवलेली गाडी म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ मध्ये अशा फक्त ३६ गाड्या बनल्या. २०१४ मध्ये एक जीटीओ लिलावात ३.८१ कोटी डॉलरला गेली. २०१८ मध्ये दुसरी ४.८४ कोटी डॉलरला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिसरी ५.१७ कोटी डॉलरला. मे २०२२ मध्ये तर मर्सिडीजने स्वतःच्या संग्रहातली १९५५ ची ३०० एसएलआर विकली, तिला १३.५ कोटी युरो आले. आपल्या रुपयात हजार कोटींच्या वर.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. २०१८ चे ४.८४ आणि २०२३ चे ५.१७. गाड्या वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण पाच वर्षांत आकडा वाढला जेमतेम सात टक्के. शिवाय २०२३ च्या गाडीला ६ कोटी डॉलरच्या वर मिळतील असा लिलाव करणाऱ्यांचाच अंदाज होता. म्हणजे जगातली सगळ्यात नावाजलेली गाडीसुद्धा अंदाजाच्या खाली गेली.

आणखी एक गोष्ट. बातमीत छापलेली किंमत खरेदीदार देतो, पण ती सगळी विकणाऱ्याला मिळत नाही. लिलाव घर शेवटच्या बोलीवर खरेदीदाराकडून कमिशन घेतं, ते त्या आकड्यात धरलेलं असतं. त्याआधीची वर्षानुवर्षांची दुरुस्ती, विमा, जागा हे तर कुठेच छापून येत नाही. आपल्याकडे मार्केटमध्ये कांदा विकल्यावर हमाली, तोलाई वजा होऊनच पट्टी हातात येते ना? तसंच.

महाग म्हणजे दुर्मिळ नव्हे

एप्रिल २०१९ मध्ये ईडीने नीरव मोदी प्रकरणातल्या जप्त गाड्यांचा ऑनलाइन लिलाव केला. त्यातल्या रोल्स-रॉईस घोस्टला सुमारे १.३३ कोटींची बोली लागली. नवी घेताना याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. नाव मोठं, गाडी महाग, तरी भाव पडला. कारण तशा गाड्या कंपनी अजून बनवतेच आहे.

उलट राजदूत ३५० आठवा. १९८३ मध्ये आली. किंमत जास्त, पेट्रोल पिणारी, म्हणून त्या काळात गिऱ्हाईक फिरकलं नाही. काही वर्षांत बंद पडली. आज तीच गाडी शौकीन लोक शोधत फिरतात. पण ज्या डीलरच्या शोरूममध्ये ती त्या वेळी पडून होती, त्याला आजच्या भावाचा काय उपयोग? भाव वाढला, पण तोपर्यंत थांबायची ताकद किती जणांकडे होती?

गाडीचा इतिहासही विकला जातो

हे आपल्या भागात समजावायला सोपं आहे. बैलगाडा शर्यतीचा बैल घेताना आपण नुसता रंग आणि शिंगं बघतो का? कुठल्या घाटात पळाला, किती बाऱ्या मारल्या, पहिल्या नंबरात किती वेळा आला, ते विचारतो. तसंच जुन्या गाडीचं. पहिला मालक कोण, इंजिन मूळचंच आहे का, कागद सलग आहेत का. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. त्या गाडीचं नाव आजही संग्राहकांच्या तोंडी आहे, कारण तिचा इतिहास लिहिलेला आहे. आपल्या शेडमधल्या गाडीचा इतिहास म्हणजे आरसी बुक आणि दोन नंबर: इंजिन नंबर, चेसिस नंबर.

इथेच मी चुकलो.

माझ्या आरएक्सचा हिशोब

यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ बनली. मी २०१९ मध्ये एक घेतली, ६२ हजारांना. आवाज ऐकला, टाकी बघितली, पैसे दिले. चेसिस नंबर जुळवला, इंजिन नंबरवर ग्रीस होतं ते पुसलंसुद्धा नाही. बीबीए करून आलेला माणूस, स्वतःचं स्पेअर पार्ट्सचं दुकान, आणि ही चूक!

इंजिनकाम, रंग, क्रोम, टायर मिळून ४१ हजार. पुन्हा नोंदणी, विमा, किरकोळ कागद मिळून चार वर्षांत ९ हजार. एकूण १ लाख १२ हजार.

पहिल्याच दिवाळीत फटका बसला. सीझनच्या मालासाठी होलसेलरला रोख हवी होती आणि माझी रोख शेडमध्ये झाकून उभी होती. माल उधारीवर उचलला, दर जास्त लागला.

२०२३ मध्ये पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. १ लाख ८० हजार द्यायला तयार. त्यांनी खाली बसून टॉर्च मारला, नंबर वाचला आणि आरसी बुक माझ्या हातात परत दिलं. इंजिन दुसऱ्याच आरएक्सचं होतं. एक जण म्हणाला, "दोन हजार द्या, नंबर पंच करून देतो, कुणाला कळत नाही." खरं सांगतो, एक रात्र मी विचार केला. सकाळी वडील एवढंच म्हणाले, "गाडी एकदा विकशील, दुकान रोज उघडायचंय."

नंबर खोडणं किंवा नवा मारणं हा गुन्हा आहे, हे तर आहेच. पण गावात दुकानदाराचं भांडवल म्हणजे त्याचा शब्द. मी गाडी देणाऱ्याकडे खेटे घातले, बदललेल्या इंजिनचे कागद मिळवले, आरटीओत रीतसर नोंद केली. सात महिने गेले. पुढच्या गिऱ्हाइकाला सगळं सांगून गाडी १ लाख ३० हजारांना दिली.

नफा १८ हजार, तोही जवळपास पाच वर्षांत. वर्षाला साडेतीन टक्के पडतात. बँकेत एफडी केली असती तरी जास्त मिळालं असतं.

आता दुसरी बाजू. तेच १ लाख १२ हजार ऑईल, ब्रेक शू, चेनसेट यात असते तर? माझा माल वर्षातून चार वेळा फिरतो, मार्जिन सरासरी १२ टक्के. म्हणजे वर्षाला साधारण ५३ हजार. भाडं, वीज, बुडीत उधारी काढून निम्मे धरा, तरी २६ हजार. वर्षाला!

चाळीतला कांदा

चाळीत कांदा ठेवला की तो वाढत नाही, घटतो. वजन कमी होतं, काही सडतो. घट भरून काढून वर भाव मिळाला तरच फायदा. जुनी गाडी म्हणजे चाळीतला कांदाच. रबर कडक होतं, टाकी गंजते, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. "व्हिंटेज करून घेऊ" म्हणाल, तर २०२१ च्या केंद्राच्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. १९८५ ची आरएक्स त्या रांगेत २०३५ नंतर बसेल.

मग काय करायचं?

१. शौक असेल तर जरूर घ्या, पण शौकाच्या पैशातून. धंद्याचं भांडवल, सोनं गहाण ठेवून आणलेली रक्कम, मुलांची फी यातून नाही.

२. घेण्याआधी इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः पुसून वाचा, आरसीशी आणि परिवहनच्या ॲपवर जुळवा. कर्जाचा बोजा, थकलेला दंड बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

३. खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. खरेदी किंमत लक्षात राहते, बाकीचं आपण सोयीने विसरतो.

४. सगळ्यात महत्त्वाचं: या शौकात पैसा कुठे फिरतो ते बघा. मालकाचा पैसा अडकतो. कार्ब्युरेटर ट्यून करणाऱ्याचा, क्रोम करणाऱ्याचा, जुने पार्ट शोधून देणाऱ्याचा, कागद रीतसर करून देणाऱ्याचा पैसा फिरतो. गाडी दुसऱ्याची, जोखीम दुसऱ्याची, काम आपलं, आणि ॲडव्हान्स घेऊन. माझी आरएक्स गेली, पण तिच्यासाठी पार्ट शोधताना जे सप्लायर सापडले त्यांच्या जोरावर आज नारायणगाव, आळेफाट्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. त्या ६२ हजारांतून मला खरं मिळालं असेल तर ते हेच.

त्या तरुणाला मी "घेऊ नको" म्हटलं नाही. फक्त वहीचं पान समोर ठेवलं. काल पुन्हा आला होता. आरएक्सचा विषय काढला नाही. स्टँडजवळच्या गाळ्याचं भाडं किती, एवढंच विचारून गेला.

तुमच्याकडेही अशी झाकून ठेवलेली एखादी वस्तू असेल तर आज रात्री तिचा पूर्ण हिशोब वहीत मांडा. आकडा काहीही येवो, तो माहीत असलेला बरा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!